प्रौढ दिव्यांगासाठी निवासी संस्था: निवडण्याआधी आणि निवडल्यानंतर काय बघायचं

घरात तीस-पस्तीस वर्षांचा बौद्धिक दिव्यांग मुलगा किंवा मुलगी आहे, आई-वडील सत्तरीकडे झुकलेत आणि निवासी संस्थेचा विचार सुरू झालाय, अशा घरांसाठी हे लिहिलं आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बहुविकलांगता असलेल्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं. महाराष्ट्रात पालकांनी एकत्र येऊन उभ्या केलेल्या संस्था आहेत. बदलापूरचं ‘आधार’, डोंबिवलीजवळच्या खोणीचं ‘घरकुल’ ही त्यातली जुनी नावं. धर्मादाय न्यासांच्या आहेत, सरकारी अनुदानावरच्या आहेत, आणि बंगला भाड्याने घेऊन सुरू केलेली खासगी केंद्रंही आहेत. यातला अमुक प्रकार चांगला असं सरसकट सांगता येत नाही. इमारत, बाग, भिंतीवरची चित्रं, देणगीदारांच्या पाट्या यांवरूनही काही कळत नाही. संस्थेचा दर्जा कळतो तो रात्री, रविवारी आणि सणासुदीला, कर्मचारी कमी असतात तेव्हा. आणि ज्याला भेटायला कोणी येत नाही, त्याच्याकडे सगळ्यात आधी दुर्लक्ष होतं. म्हणून निवड जितकी महत्त्वाची, तितकंच निवडीनंतरचं जाणं-येणं महत्त्वाचं.

सुरुवात कधी करायची

आईचं खुब्याचं हाड मोडलं, वडील आयसीयूत गेले, आणि आठ दिवसांत जागा शोधायची वेळ आली की निवड उरतच नाही. जिथे खाट रिकामी तिथे पाठवावं लागतं. आई-वडील दोघेही हिंडते-फिरते असतानाच शोध सुरू करा. बऱ्या संस्थांमध्ये प्रतीक्षायादी असते, त्यामुळे नाव आधी घालून ठेवावं लागतं.

थेट कायमचा प्रवेश घेऊ नका. आधी दोन रात्री, मग आठवडा, मग महिना असं तात्पुरतं राहायला ठेवता येतं का ते विचारा. या तात्पुरत्या राहण्याचा फायदा दोन्ही बाजूंना होतो: मुलाला जागा आणि माणसं ओळखीची होतात आणि तुम्हाला तो घरी परतल्यावर काय फरक पडलाय ते दिसतं. ‘एकदा आणून सोडा, होईल सवय’ एवढंच सांगणाऱ्या संस्थेकडे पुन्हा जायची गरज नाही.

आधी घरातले कागद

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आणि दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेलच. त्यावरची टक्केवारी आणि प्रकार बरोबर आहेत ना, हे मात्र पुन्हा बघा. लहानपणी फक्त ‘मतिमंदत्व’ लिहिलेलं असतं आणि ऑटिझमची नोंद राहून गेलेली असते, असं खूपदा आढळतं.

दुसरा कागद कायदेशीर पालकत्वाचा. मूल 18 वर्षांचं झालं की आई-वडीलसुद्धा कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, हे अनेकांना पन्नाशीतल्या मुलाचं बँक खातं अडल्यावर कळतं. बौद्धिक दिव्यांगत्व, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी राष्ट्रीय न्यास कायदा 1999 आहे. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून पालकत्वाचा आदेश मिळतो. अर्जासोबत दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा, अर्जदाराची ओळखपत्रं लागतात. भावंडांचं संमतीपत्रही तयार ठेवा, कारण ते बहुधा मागितलं जातं. आदेश मिळाल्यावर सहा महिन्यांच्या आत मुलाच्या नावच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. हा हिशेब बहुतेक जण देत नाहीत. पुढे भाऊबंदकीत वाद झाला की नेमकं हेच अंगाशी येतं.

निवासी संस्थेलाच पालक म्हणून नेमायचा मार्गही कायद्यात आहे. जवळचं कोणीच नसेल तर तोच उरतो. पण जी संस्था सांभाळते तिनेच पालक म्हणून सह्या करायच्या, तिनेच पैसे घ्यायचे आणि तिच्याविरुद्ध तक्रारही तिनेच करायची, अशी अवस्था होते. भाचा, पुतणी, मामेभाऊ, कोणीतरी बाहेरचं माणूस पालक असणं केव्हाही बरं.

याच कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना याच चार प्रकारांसाठी आहे. वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण, वैद्यकीय तपासणीची अट नाही, बाह्यरुग्ण तपासणी आणि उपचारपद्धतींचा काही खर्चही त्यात मिळतो. दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. संस्थेत गेल्यावर ते कोण करणार हे ठरलेलं नसलं, तर पहिल्याच वर्षी पॉलिसी खंडित होते.

संस्थेची नोंदणी

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 च्या कलम 50 प्रमाणे दिव्यांगांसाठीची संस्था नोंदणी प्रमाणपत्राशिवाय चालवता येत नाही. ते प्रमाणपत्र संस्थेत ठळक जागी लावलेलं असायला हवं. तुम्हाला बऱ्याच ठिकाणी धर्मादाय आयुक्तांकडचं न्यासनोंदणीचं प्रमाणपत्र दाखवलं जाईल, किंवा आयकरातल्या 80जीचं, म्हणजे देणगीदाराला करसवलत मिळवून देणारं. ही दोन्ही वेगळ्या कामाची आहेत. त्यांवरून दिव्यांगांना ठेवून घेण्याची परवानगी आहे असं ठरत नाही. विचारायचं ते असं: ‘2016 च्या कायद्याखालचं नोंदणी प्रमाणपत्र दाखवा. मुदत कधीपर्यंत आहे? किती प्रवेशितांची मान्यता आहे?’ आणि मग खाटा मोजायच्या. मान्यता पंचवीसची आणि गाद्या चाळीस असल्या, तर पुढचं बोलणं तिथेच थांबवा. शंका असेल तर पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे किंवा जिल्ह्याच्या दिव्यांग कल्याण कार्यालयाकडे लेखी विचारणा करता येते.

वृद्धाश्रम आणि व्यसनमुक्ती केंद्रं दिव्यांग प्रौढांना ठेवून घेतात. तिथल्या लोकांना फिट कशी सांभाळायची, न बोलणाऱ्या माणसाचं दुखणं कसं ओळखायचं, याचं काही शिक्षण नसतं. स्वस्त पडतं म्हणून तिकडे वळू नका.

मुख्य अडचण मानसिक आजाराची असेल तर कायदा वेगळा, मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017. त्यात साखळीने बांधण्याला आणि एकांतात कोंडण्याला थेट बंदी आहे. 6 ऑगस्ट 2001 ला तामिळनाडूत एरवाडीला पहाटे आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेले 28 मनोरुग्ण पळता न आल्याने मेले. ही बंदी कशासाठी आहे ते त्यावरून कळावं. बौद्धिक दिव्यांगांच्या संस्थेतही खिडकीच्या गजाला बांधलेली ओढणी किंवा बाहेरून कडी लावलेली खोली दिसली, तर कारण काहीही सांगोत, ती जागा नको.

भेटी दोन, दुसरी न सांगता

पहिली भेट ठरवून घ्या. कागद, फी, नियम हे बोलणं त्यात होतं. दुसरी भेट न कळवता, संध्याकाळी सहा ते साडेआठच्या दरम्यान. शाळा-कार्यशाळेचे शिक्षक तोवर गेलेले असतात, स्वयंपाक आणि जेवण चालू असतं, रात्रपाळीची माणसं येत असतात. आत सोडलं नाही तर वाद घालू नका. प्रवेशितांच्या खासगीपणाचं कारण सांगून बैठकीच्या खोलीत बसवलं आणि अधीक्षक भेटायला आले, तर ते समजण्यासारखं आहे. फाटकावरूनच परत पाठवलं, तर मात्र तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

आत गेल्यावर आधी संडासात जा. पाणी आहे का, आतून लागणारी कडी आहे का, बाहेरून उघडता येते का, कमोडशेजारी धरायला दांडी आहे का. मग कपडे बघा. प्रत्येकाचं कपाट किंवा निदान नाव लिहिलेला कप्पा असायला हवा. धुतलेले कपडे एका ढिगात आणि हाताला येईल ते ज्याला त्याला, असं असेल तर चड्डीसुद्धा सामायिक आहे. टॉवेल आणि दात घासायचा ब्रश यांचंही तेच. खरूज अशीच पसरते. खरूज झाली की एकट्यादुकट्याला मलम लावून उपयोग नसतो. सगळ्या प्रवेशितांना आणि कर्मचाऱ्यांना एकाच दिवशी पर्मेथ्रिन 5 टक्के मानेपासून पायापर्यंत लावून 8 ते 14 तासांनी अंघोळ, त्याच दिवशी कपडे-चादरी गरम पाण्यात, आणि एक-दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. मागच्या वेळी खरूज आली तेव्हा काय केलं, एवढा एकच प्रश्न विचारून बघा. उत्तरावरून तिथे कामाची शिस्त किती आहे ते समजतं.

जेवण स्वतः चाखा. पण त्याहून जास्त बघायचं ते कसं भरवतात. एक मावशी उभी राहून चार जणांच्या तोंडात आळीपाळीने घास घालतेय, मान मागे कललेली आहे, पातळ वरण ओतलं जातंय, हे फार धोक्याचं आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्यांमध्ये अन्न श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया जीव घेतो. भरवणाऱ्याने समोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसायचं, पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, घास छोटा, आधीचा गिळल्यावर पुढचा, आणि जेवल्यावर निदान अर्धा तास आडवं करायचं नाही. पोळी कुस्करून वरणात भिजवलेली हवी. शेंगदाणे, फुटाणे, कोरडा चिवडा, चकली ही दिवाळीत देणगीदारांकडून पोत्याने येतात. ती कोणाला द्यायची नाहीत याची यादी स्वयंपाकघरात लावलेली असते का ते पाहा.

आणि प्रवेशितांकडे बघा. कोणी काही करत असतं का? नुसत्या टीव्हीसमोर रांगेत बसवलेली चाळीस-पन्नास वर्षांची माणसं दिसली तर दिवसभराचं वेळापत्रक मागा. कागदावर फिजिओथेरपी, संगीत, कागदी पिशव्या सगळं असेल. ‘काल कोणी कोणी काय केलं’ याची नोंदवही मागा. वेळापत्रकाची प्रत देतात, वही बहुधा सापडत नाही. जिथे लगेच सापडते, ती संस्था कामाची आहे.

रात्रीबद्दल नेमके प्रश्न

‘रात्री कर्मचारी असतात का?’ असं विचारलं तर उत्तर ‘हो’ येणारच. असं विचारा: रात्री दहा ते सकाळी सहा जागं कोण असतं? झोपून असलेला वॉचमन धरायचा नाही. बायकांच्या मजल्यावर कोण? तोच माणूस दिवसाही काम करतो का? रात्री फिट आली तर गाडी कुठली, चालवणार कोण, कुठल्या रुग्णालयात, किती मिनिटं? गेल्या वर्षात असं कधी झालं, तेव्हा काय केलं?

खायला-प्यायला, संडासला मदत लागणाऱ्या प्रवेशितांसाठी दिवसा चार-पाच जणांमागे एक काळजीवाहक आणि रात्री बारा-पंधरा जणांमागे एक जागा माणूस, यापेक्षा कमी असेल तर काळजी नीट होऊ शकत नाही, असं आमचं मत आहे. माणूस कितीही प्रेमळ असो, त्याला दोनच हात असतात. किती कर्मचारी दोन वर्षांपेक्षा जास्त टिकलेत हेही विचारा. मावश्या दर चार महिन्यांनी बदलत असतील तर पगार कमी आहे किंवा वागणूक वाईट आहे; दोन्हीचा फटका शेवटी तुमच्या मुलालाच बसतो. न बोलणाऱ्या माणसाच्या खुणा समजायला नव्या माणसाला महिनोन्‌महिने लागतात.

आगीबद्दल: रात्री दारांना कुलूप असतं का, किल्ली कोणाकडे, दुसरा बाहेर पडायचा मार्ग कुठला, व्हीलचेअरवरच्यांना कुठल्या मजल्यावर ठेवलंय. वरच्या मजल्यावर ठेवलं असेल तर कारण विचारा.

औषधं आणि दुखणी

औषध कोण देतं आणि दिल्यावर कुठे लिहितं, हे समक्ष पाहा. प्रत्येकाचं स्वतंत्र पान, औषधाचं नाव, मात्रा, वेळ आणि देणाऱ्याची सही असं असायला हवं. महिन्याच्या एक तारखेलाच तिसापर्यंतच्या सह्या झालेल्या असतील किंवा सगळा महिना एकाच पेनाने एकाच दमात लिहिलेला दिसत असेल, तर ती वही खोटी आहे.

तपासणीचा सोपा मार्ग गोळ्या मोजण्याचा. रोज दोन गोळ्या असतील तर महिन्याला साठ, म्हणजे दहाच्या सहा पट्ट्या. एक तारखेला सहा पट्ट्या दिल्या आणि पंधरा तारीख संपल्यावर मोजल्या, तर तीस उरायला हव्यात. चाळीस उरल्या तर दहा वेळा चुकल्या. फिटच्या औषधात असं चुकणं म्हणजे लागोपाठ फिट येण्याला आमंत्रण. वीसच उरल्या असतील तर त्या कोणाला दिल्या, हे विचारायला हवं.

फिट आली की काय करतात ते काळजीवाहकालाच विचारा, अधीक्षकांना नव्हे. कुशीवर वळवणं, डोक्याखाली मऊ काही ठेवणं, तोंडात काहीही न घालणं आणि घड्याळ बघणं, हे उत्तर बरोबर. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तर तातडीने रुग्णालय. नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे डॉक्टरांनी लिहून दिलेला असेल तर तो कुठे ठेवलाय हे रात्रीच्या माणसाला माहीत हवं. कांदा नाहीतर चप्पल हुंगवणं, दातांत चमचा घालणं अजूनही चालतं. कांद्याने फिट थांबत नाही आणि चमच्याने दात मोडून घशात जातात.

‘त्रास देतो’ म्हणून शांत ठेवायच्या गोळ्या वाढवल्या जातात, हा सगळ्यात न दिसणारा अन्याय आहे. मूल दिवसभर गुंगीत, लाळ गळतेय, हात थरथरतात, वजन भराभर वाढतंय, अशी लक्षणं दिसली की औषधांची यादी मागा आणि तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. एरवी शांत असलेला माणूस अचानक डोकं आपटू लागला, तर आधी दात, कान, पोट बघायचं असतं. बद्धकोष्ठ फार जणांना असतो आणि या गोळ्यांनी तो वाढतो. तीन दिवस शौचाला झाली नाही तर डॉक्टरांना सांगायचं, असा नियम संस्थेत असायला हवा. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात याच गोळ्यांमुळे शरीर उष्णता कमी सोसतं. पाणी मागता न येणाऱ्याला दर दोन तासांनी पाणी पाजलं जातं का, ते विचारा.

डाऊन सिंड्रोम असेल तर थायरॉइडची तपासणी दरवर्षी, आणि चाळिशीनंतर विसरणं, वाट चुकणं दिसलं तर ते स्वभाव म्हणून सोडून द्यायचं नाही. या लोकांना स्मृतिभ्रंश लवकर होतो. फिनिटॉइन हे फिटचं औषध चालू असेल तर हिरड्या सुजतात, त्यासाठी दंतवैद्य.

मुली आणि स्त्रिया

अंघोळ घालणं, कपडे बदलणं, पाळीत मदत करणं हे फक्त स्त्री कर्मचाऱ्यांनी करायचं, अपवाद नाही. पाळीच्या तारखा लिहिल्या जातात का, पॅड दिवसातून किती वेळा बदलतात, टाकतात कुठे, हे संकोच न करता विचारा. तारीख चुकली आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही, असं होता कामा नये.

‘पिशवी काढून टाका, मग प्रवेश देतो’ असं सांगणारी जागा असेल तर उठून या. 1994 साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या बौद्धिक दिव्यांग मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली आणि त्यावर राज्यभर वादळ उठलं. आज दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 च्या कलम 10 प्रमाणे दिव्यांग व्यक्तीच्या मुक्त आणि जाणत्या संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी कुठलीही शस्त्रक्रिया करता येत नाही. शिवाय गर्भाशय काढल्याने पाळी थांबते, अत्याचार थांबत नाही. उलट तो उघडकीला येण्याची एक शक्यता कमी होते. मुलग्यांवरही अत्याचार होतात, हे बहुतेक आई-वडिलांच्या मनातही येत नाही.

पैसा आणि करार

मासिक फी सोडून काय काय द्यावं लागेल ते लिहून घ्या. डायपर रोज चार धरले तर महिन्याला 120. औषधं, तपासण्या, रुग्णालयात सोबतीला बसणाऱ्याचा रोजचा आकार, न्हावी, सहल. अनामत किती, परत कधी आणि किती कापून. दरवर्षी फी किती टक्क्यांनी वाढते. 8 टक्क्यांनी वाढली तर नऊ वर्षांत दुप्पट होते: आज महिना 20,000 असेल तर नऊ वर्षांनी 40,000 आणि अठरा वर्षांनी 80,000. मूल तिशीतलं असेल तर हे गणित तुमच्या हयातीनंतरही चालू राहणार आहे.

करारात दोन वाक्यं शोधा. एक, कुठल्या कारणाने काढून टाकता येईल आणि किती दिवसांची सूचना. ‘वर्तणूक असह्य झाल्यास तात्काळ’ असं असेल तर ते बदलून निदान साठ दिवस आणि डॉक्टरांचं लेखी मत, असं करून घ्या. दोन, आई-वडिलांच्या मृत्यूनंतर काय. ‘आजीवन सांभाळू’ असं तोंडी आश्वासन आणि त्यासाठी एकरकमी मोठी देणगी, यात फसगत होऊ शकते, कारण रक्कम संस्थेच्या खात्यात गेल्यावर तुमच्या हातात काहीच राहत नाही. घर संस्थेच्या नावाने करून देऊ नका. मुलासाठी खासगी न्यास करून त्यातून संस्थेला महिन्याच्या महिन्याला फी जाईल अशी सोय वकिलाकडून करून घेतलेली बरी. संस्था बदलली तर पैसेही त्याच्याबरोबर जातात. वडील किंवा आई सरकारी नोकरीत असतील, तर कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला कुटुंबनिवृत्तिवेतन मिळतं. त्याचं नाव हयातीतच निवृत्तिवेतनाच्या कागदात चढवा.

ओळखवही

प्रवेशाच्या दिवशी कपड्यांच्या बॅगेबरोबर एक वही द्या. संस्थेच्या छापील अर्जात ‘आवडीनिवडी’ला एक ओळ असते, ती पुरत नाही. नमुना असा:

‘उजव्या कानाला हात लावून बसला म्हणजे दात दुखतोय. भूक लागली की ताट वाजवतो, ओरडत नाही. दूध पिऊन पोट बिघडतं, ताक चालतं. अंघोळीला आधी पायावर पाणी, मग डोक्यावर. उलटं केलं तर घाबरतो. झोपताना पंखा तीनवर, चादर डोक्यावरून. फटाक्यांना घाबरतो, दिवाळीत आतल्या खोलीत. नाही म्हणायचं असेल तर मान फिरवतो. तेव्हा जबरदस्ती करू नका, दहा मिनिटांनी पुन्हा विचारा.’

दोन-तीन पानं पुरतात. मोठ्या अक्षरात, सोप्या मराठीत लिहा, आणि काळजीवाहक हिंदीभाषक असेल तर हिंदीतही. प्रती तीन: एक कार्यालयात, एक खोलीत, एक तुमच्याकडे. चालू औषधं, ॲलर्जी, रक्तगट आणि दोन नातेवाइकांचे फोन पहिल्या पानावर.

प्रवेशानंतर

पहिले दोन महिने भेटू नका, रुळू द्या, असं काही संस्था सांगतात. ते मान्य करू नका. पहिल्या आठवड्यात रोज फोन, दर रविवारी भेट, आणि महिन्यानंतर एक रात्र घरी. रडेल, चिडेल, जेवण कमी करेल. तीन-चार आठवड्यांत बहुतेकांचं बसतं. सहा आठवड्यांनीही झोप आणि जेवण जागेवर आलं नसेल तर काहीतरी चुकतंय.

नंतर महिन्यातून निदान एक भेट, दर वेळी वेगळ्या वारी. घरी आणाल तेव्हा अंघोळ तुम्ही घाला. सगळं अंगच बघायला मिळतं. नखं, पायाच्या बोटांमधल्या बेचक्या, काखा, जांघा, पाठीचा खालचा भाग, टाचा. लाल डागावर बोट दाबा. दाबल्यावर पांढरा झाला नाही तर ती शय्याव्रणाची सुरुवात आहे आणि दर दोन तासांनी कूस बदलली जात नाही. भाजल्याची खूण असेल तर बादलीत पाणी कसं घेतात ते विचारा: आधी गार, मग गरम, मग कोपराने बघणं. मनगट-घोट्यावरचे वळ आणि दंडाच्या आतल्या बाजूचे बोटांचे ठसे यांचं कारण ‘पडला’ हे असू शकत नाही.

वजन दर महिन्याला एकाच काट्यावर. महिन्यात 5 टक्के किंवा सहा महिन्यांत 10 टक्के उतरलं, म्हणजे 52 किलोच्या माणसाचं महिन्यात अडीच किलोहून जास्त, तर डॉक्टर. आणि चप्पल बघा: तळवा अजिबात झिजला नसेल तर त्याला बाहेर चालवलं जात नाही.

चांगलं काम करणाऱ्या मावशीला नावाने धन्यवाद द्या, अधीक्षकांसमोर द्या. या लोकांचं काम कोणी बघत नाही.

काही बिघडलं तर

किरकोळ गोष्ट तोंडी सांगा, पण त्याच दिवशी तारीख घालून व्हॉट्सअॅपवर किंवा मेलवर लिहा. पंधरा दिवसांत फरक नाही तर व्यवस्थापनाला लेखी, पोच घेऊन. मग जिल्ह्याचं दिव्यांग कल्याण कार्यालय, पुण्याचं आयुक्तालय, आणि राष्ट्रीय न्यासाकडे नोंदलेली संस्था असेल तर स्थानिक स्तर समिती. मारहाण, उपासमार, कोंडून ठेवणं यात ही शिडी चढत बसू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 7 प्रमाणे कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांना, कळवू शकतं. ते सुटका करण्याचे आदेश देऊ शकतात. त्याच कायद्याच्या कलम 92 प्रमाणे ताब्यातल्या दिव्यांग व्यक्तीला जाणूनबुजून अन्न-पाणी नाकारणं हा गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे आणि दंड.

लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. ते कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकच्या नको. आधी सरकारी रुग्णालय, सोबत पोलीस. दिव्यांग पीडितेची तक्रार पोलिसांनी तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी, विशेष शिक्षक किंवा दुभाष्याच्या उपस्थितीत, चित्रीकरण करून नोंदवायची असते. पोलीस ठाण्यात ‘तिला कुठे काय कळतंय’ असं म्हणाले तर विशेष शिक्षकाला बोलावण्याची मागणी लेखी द्या. आपलं मूल त्याच संस्थेत असताना तक्रार करायची भीती वाटते, ते खरंच आहे. म्हणून आधी त्याला तिथून बाहेर काढा, मग तक्रार करा.

तुमच्यानंतर भेटायला कोण जाणार

हे नाव आत्ताच ठरवा, आणि एक नको, दोन ठरवा: एक नात्यातलं, एक बाहेरचं, शक्यतो त्याच संस्थेतल्या दुसऱ्या प्रवेशिताचे पालक. काही पालकांनी आपसात अशी वाटणी केलेली असते, की महिन्याच्या पहिल्या रविवारी एकाने जायचं आणि आपल्या मुलाबरोबर चार-पाच जणांचं वजन, पाठ आणि गोळ्या बघून यायच्या. भावंडं पुण्यात किंवा परदेशात असतील तर त्यांनी फी भरावी, पण समक्ष जाणारा माणूस जवळपासच हवा. व्हिडिओ कॉलवर चेहरा दिसतो, टाचा दिसत नाहीत. दोघांनाही तुमच्या हयातीत तीन-चार वेळा बरोबर न्या, संस्थेच्या रजिस्टरमध्ये त्यांची नावं भेटायला येणारे म्हणून लिहून घ्या, अंघोळ घालताना त्यांना बाजूला उभं करा आणि ओळखवहीची चौथी प्रत त्यांच्याकडे द्या.